शेवटच्या ओळीतून भरलेली कॅसेट

शुक्रवार, २ फेब्रुवारी २००१. सकाळी गार वारा, धूळ नाही. निनादने देऱ्याच्या बाजारातून सुरमई आणली. चार तुकड्या उद्यासाठी ठेवल्या. इराची बँडची तालीम चार ते सहा. साडेसहाला उपेंद्र आले. चहा नको म्हणाले. यंदा स्पर्धेचा पासही नको म्हणाले.

सात वर्षांत उपेंद्रनी पास नाकारल्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी चहा नाकारल्याचीही मला आठवण नव्हती.

त्यांची माझी ओळख झाली ती एका फाटकाशी. १९९४ सालचा फेब्रुवारी. मिस्टर गेल्यानंतर बेळगावचं घर बंद करून मी मुलाकडे, निनादकडे, दुबईला आले होते. अल मनखूलमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट. नात इरा तेव्हा पहिलीत होती. तिच्या शाळेच्या मैदानावर दर वर्षी भारतीय शाळांच्या बँडची स्पर्धा व्हायची आणि प्रत्येक कुटुंबाला चार पास मिळायचे. त्या दिवशी सुनेला, अनुराधाला, ताप होता, म्हणून आमच्याकडे एक पास उरला होता.

फाटकाबाहेर एक गृहस्थ उभे होते. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेली काहीतरी वस्तू. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ते हिंदीत विचारत होते, "एखादा पास जास्त आहे का?" वॉचमन त्या टॉवेलकडे संशयाने बघत होता.

निनादने मराठीत विचारलं, "तुमचं मूल कुठल्या शाळेत आहे?"

"माझं मूल नाही हो," ते म्हणाले. "मला ड्रम ऐकायचेत."

पास हातात पडताच ते आमच्या आधी आत शिरले आणि थेट सगळ्यात वरच्या, शेवटच्या ओळीत मधोमध जाऊन बसले. आम्ही पुढे जागा शोधत होतो, तर वरून हाक आली, "काकू, तिथं बसू नका. तिथून नुसत्या टोप्या दिसतात."

मी वर गेले. टॉवेलमधून टेपरेकॉर्डर निघाला. वाऱ्याचा आवाज माइकमध्ये जाऊ नये म्हणून त्यांनी टॉवेल पुन्हा त्याच्याभोवती लपेटला, बटण दाबलं आणि तोंड जवळ नेऊन म्हणाले, "दादा, पहिली शाळा. साइड ड्रम बारा, टेनर चार, बेस ड्रम दोन. मैदान मातीचं आहे." एवढं बोलून ते गप्प झाले. बँड वाजत होता तोवर त्यांनी चकार शब्द काढला नाही आणि मी काही विचारायला गेले तर ओठांवर बोट ठेवलं.

दादा म्हणजे विष्णू, त्यांचे थोरले भाऊ. कोल्हापूरला पोलीस बँडमध्ये सव्वीस वर्षं साइड ड्रम वाजवला. काचबिंदूने एक डोळा गेला, मग दुसरा, आणि एक्क्याण्णव साली ते घरी बसले. वडील लवकर गेल्यामुळे उपेंद्रना शिकवलं ते या दादांनी, आणि शाळेच्या दिवसांत परेडला नेऊन बसवायचेही तेच. उपेंद्र स्वतः काही वाजवायला शिकले नाहीत. "ऐकणारा कोणीतरी पाहिजे ना, काकू," असं ते म्हणायचे.

दुबईत ते रास अल खोरच्या एका सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर होते. सतवा भागात चौघांत एक खोली. लग्न केलं नाही. वर्षातून एकदा या स्पर्धेची कॅसेट भरायची आणि गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती दादांना पाठवायची, हा त्यांचा नेम. तेव्हा इथली सगळीच माणसं पत्राऐवजी कॅसेट पाठवत. कुणी पोरांचे पाढे पाठवी, कुणी नुसतं रडणं. उपेंद्र ड्रम पाठवायचे. महिन्या-दीड महिन्याने त्याच मार्गाने दादांची उलट कॅसेट यायची, आणि ती ऐकायला उपेंद्र आमच्याकडे यायचे, कारण खोलीवर बाकीचे तिघे टीव्ही लावून बसत.

दादांचा कान भयंकर. शहाण्णव साली ते कॅसेटवर म्हणाले, "तिसऱ्या शाळेत एका ड्रमच्या खालच्या तारा सैल आहेत, सांग त्यांना." उपेंद्र लाजत लाजत त्या शाळेत गेले. तिथल्या बँडमास्तरांनी एकेक ड्रम उलटा करून पाहिला. सातव्या ड्रमच्या तारा सैल निघाल्या. त्यानंतर त्या शाळेने उपेंद्रना दर वर्षी लिंबूपाणी पाजलं.

प्रेक्षकांवर मात्र उपेंद्र चिडून असायचे. बाप लोक व्हिडिओ कॅमेरा घेऊन पुढे धावत आणि पडद्यावर आपल्या एकट्या पोराचे गुडघे टिपत. आपली शाळा झाली की कुटुंबं डबे आवरून उठत. "बघा, बघा, निघाले," उपेंद्र म्हणत. "पोरगं झालं, खलास. बाकीच्यांची पोरं काय कागदाची आहेत?" सूर संपायच्या आत कुणी टाळी वाजवली तर ते तिकडे वळून असं बघत की तो माणूस हात खिशात घाली. मी कॉन्व्हेंटमध्ये दोन वर्षं साइड ड्रम वाजवला होता. हे कळल्यापासून माझ्याशी बोलताना ते जरा सांभाळून राहायचे.

अठ्ठ्याण्णव साली ते एक व्हिडिओ कॅसेट घेऊन आले. गोदामातल्या एका फिलिपिनो सहकाऱ्याच्या भावाने अमेरिकेत टीव्हीवरून भरून घेतलेली. साध्या व्हीसीआरवर ती चालेना, नुसत्या रेघा येत. निनादचा व्हीसीआर सगळीकडच्या कॅसेट चालवणारा होता, म्हणून आमच्याकडे. तिकडे ड्रम कोअर म्हणतात ते मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. शंभरावर तरुण मुलं-मुली, हातात फक्त ड्रम आणि पितळी वाद्यं, पुढे झेंडे फिरवणारे, आणि फुटबॉलचं सबंध मैदान. सरळ रांगा जवळजवळ नव्हत्याच. मुलं धावत होती, वर्तुळं होत होती, मोडत होती.

"हे काय," उपेंद्र म्हणाले, "शाळा सुटल्यासारखी पळतायत." आणि रांगा जुळून आकृती होणार तेवढ्यात कॅमेऱ्याने एका मुलीचा घामेजलेला चेहरा दाखवला. "अरे, वर घे ना कॅमेरा," ते टीव्हीला म्हणाले. "हबीबी, चेहरा काय दाखवतोस, पायाला काय झालंय?"

इरा तेव्हा अकरा वर्षांची. जमिनीवर पालथी पडून बघत होती. "अंकल, दे आर नॉट मार्चिंग. दे आर टेलिंग अ स्टोरी."

"स्टोरी सांगायला तोंड दिलंय देवाने," उपेंद्र म्हणाले. पण कॅसेट संपल्यावर त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून लावली आणि या वेळी डोळे मिटून बसले. शेवटी म्हणाले, "पळताना एक ठोका चुकला नाही. एवढं मात्र कबूल." पुढच्याच वर्षी इरा शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रमला लागली. दोन हजारच्या कॅसेटवर दादा म्हणाले, "पाचव्या शाळेत कुणाचा तरी उजवा हात जड पडतो." इराने ते ऐकलं, उठून आपल्या खोलीत गेली आणि उशीवर डाव्या हाताचा सराव करू लागली.

तर पास नाकारण्याचं कारण हे, की इराच्या शाळेत नवे बँडमास्तर आले होते. अनिल सर, जेमतेम तिशीचे. त्यांनी यंदा परेड रद्द करून शो बसवला होता, विषय दुबईची खाडी. निळ्या कापडाच्या लाटा, मुलं म्हणजे अब्रा, खाडीतल्या होड्या, आणि मधली दोन मिनिटं पूर्ण शांतता. उपेंद्र तालीम बघून आले होते.

"दोन मिनिटं, काकू," ते म्हणाले. "चाळीस पोरं नुसती चालतात. बूटसुद्धा काढून ठेवलेत, आवाज येऊ नये म्हणून. दादाला काय पाठवू, रिकामी टेप?"

"बाकीच्या शाळा आहेत ना."

"बाकीच्यांनीही तेच धरलंय. एकीकडे छत्र्या आहेत, एकीकडे शिड्या." त्यांनी खिशातून दादांची जानेवारीतली कॅसेट काढली आणि लावली. जुना, खरखरीत आवाज. "उप्या, यंदाची लवकर पाठव लेका. मागची घासून गेली. रोज सकाळी लावतो. तुझी वहिनी म्हणते, पाठ झाली असेल. पाठ झालीच आहे, पण पाठ झालेलं आणि ऐकलेलं एक नसतं."

उपेंद्रनी बटण बंद केलं. "वर्षभर तो या एका कॅसेटवर काढतो. त्याला मी काय सांगू, आता ड्रम बघायची गोष्ट झालीय, ऐकायची नाही? डोळे नसलेल्याला?"

इरा दारात उभी होती. ती म्हणाली, "बट अंकल, सरांना ती अमेरिकन टेप तुम्हीच दिलीत."

उपेंद्रनी कॅसेट काढून खिशात ठेवली. मग म्हणाले, "हो. मीच दिली." आणि बूट घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी अनिल सरांना फोन केला आणि दादांविषयी सांगितलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, शो तर बदलता येणार नाही. पण यंदा केबलवाले शूटिंगला येतायत. प्रॉपर टेलिकास्ट होणार. त्याची कॉपी देतो."

मी ते उपेंद्रना कळवलं. "टीव्हीवाले चेहरा दाखवणार," ते म्हणाले. मग म्हणाले, "एक पास ठेवा. यायचं की नाही ते बघतो."

२३ तारखेला शुक्रवारी आम्ही तासभर आधी पोचलो, तर शेवटच्या ओळीत मधोमध इस्त्रीचा पांढरा शर्ट बसलेला. मांडीवर टॉवेल, टॉवेलात टेपरेकॉर्डर. शेजारच्या खुर्चीवर माझ्यासाठी रुमाल टाकून ठेवलेला.

"नव्या बॅटऱ्या घातल्यात," एवढंच म्हणाले.

खाली केबलवाल्यांचे दोन कॅमेरे होते, एक प्रमुख पाहुण्यांसमोर आणि दुसराही प्रमुख पाहुण्यांसमोर. चार शाळा झाल्या. छत्र्या झाल्या, शिड्या झाल्या. उपेंद्र नेहमीसारखं सांगत होते, साइड ड्रम इतके, टेनर इतके, आणि गप्प बसत होते. पाचवी आमची. सुरुवात जोरदार झाली, बारा ड्रम एकदम. मग आवाज उतरत गेला आणि थांबला. मुलांनी निळं कापड उचललं.

शांतता सुरू झाली. टेप फिरत होती. उपेंद्रनी तोंड माइकजवळ नेलं आणि तसेच राहिले. सात वर्षं ज्याने कार्यक्रम चालू असताना एक शब्द बोलायचा नाही असं स्वतःला लावून घेतलं, त्याला ऐन वेळी शब्द सापडेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेपरेकॉर्डर टॉवेलसकट माझ्याकडे झुकवला.

मी रोज रात्री दिवसभरात काय झालं ते लिहिते, तेवढंच मला येतं. तसंच बोलले. "विष्णूभाऊ, मी इराची आजी बोलतेय. आता कुणी वाजवत नाही. चाळीस मुलं अनवाणी चालतायत. त्यांच्या हातात निळं कापड आहे, साधारण दोन बसगाड्यांएवढं लांब. ते खाली-वर होतंय. मधून सहा मुली एकामागे एक चालल्यात, त्या होड्या आहेत. एकीची ओढणी अडकली होती, आता सुटली. उजवीकडे चौघं ड्रम घेऊन उभे आहेत, त्यात दुसरी इरा. तिने काठ्या उचलल्या."

रोल सुरू झाला. अगदी हळू, वाळूवरून काहीतरी सरकत यावं तसा. चढत गेला, चढत चढत भरला, आणि पुन्हा उतरू लागला. सूर्योदय, असं तालमीच्या कागदावर लिहिलेलं होतं.

पण तो रोल आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर एकाच कामासाठी ऐकलेला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, ड्रम रोल ऐकला की पाय जुळवा, राष्ट्रगीत येतंय. इथेही प्रत्येक समारंभाला आधी रोल, मग इथलं राष्ट्रगीत, पुन्हा रोल, मग आपलं. पुढच्या ओळीतले कुणी आजोबा उठले. त्यांच्यामागची ओळ उठली. मग सगळं मैदान उठलं. हजारभर खुर्च्या खडखडल्या. प्रमुख पाहुणे उठले, परीक्षक कागद सावरत उठले. मी केव्हा उठले ते मला कळलं नाही. शेजारी उपेंद्र ताठ, दोन्ही हात मांडीला चिकटवून. टेपरेकॉर्डर त्यांच्या मांडीवरून घसरून पायाशी पडला होता, टॉवेलमुळे वाचला, आणि चालूच होता.

रोल संपला. सगळे वाट बघत उभे. आणि बँडने कोळ्यांच्या नाचाचा ठेका धरला.

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग कुठेतरी एक बाई हसली, आणि हसू ओळीओळीने वर चढत आलं. काही बसले. बरेच जण उभेच राहिले आणि ठेक्यावर टाळ्या वाजवू लागले. शेवटपर्यंत एकही कुटुंब उठून गेलं नाही. आधीच उठलेलं होतं म्हणा. उपेंद्रनी कुणाकडेही रागाने पाहिलं नाही. वाकून टेपरेकॉर्डर उचलला, फुंकर मारली आणि त्यात म्हणाले, "दादा, हे काय झालं ते नंतर सांगतो."

आमच्या शाळेला तिसरा नंबर मिळाला. इरा घरी आल्यावर म्हणाली, "आजी, आय थॉट आय हॅड डन समथिंग राँग. एव्हरीबडी स्टूड अप ॲट मी." अनिल सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत असं कळलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, पुढच्या वर्षी हे मुद्दाम ठेवायचं.

टेलिकास्ट नऊ मार्चला, शुक्रवारी दुपारी होतं. बिल्डिंगमधली तीन कुटुंबं आमच्याकडे आली, अनुराधाने बटाटेवडे केले. चाळीस मिनिटांच्या कार्यक्रमात बँड अकरा मिनिटं. त्यातही निवेदिका ड्रम वाजत असतानाच बोलत होती. दोन मिनिटांची शांतता त्यांनी कापून टाकली होती आणि तिथे गाद्यांची जाहिरात होती. सगळे उठले ते कुठेच नाही. अनिल सरांनी दिलेली कॉपी उपेंद्रनी विचारलीसुद्धा नाही. त्यांनी भरलेली कॅसेट चिपळूणला निघालेल्या शौकतच्या हाती आधीच रवाना झाली होती. गोदामातला हा शौकत वाकडी वाट करून कोल्हापूरला गेला आणि दादांच्या हातात ती देऊनच पुढे निघाला.

त्यानंतरचे दिवस उपेंद्रनी कसे काढले ते मी पाहिलं. दर शुक्रवारी येत, चहा घेत, आणि जाताना दारात म्हणत, "त्याला कळलं असेल का हो, काकू?"

"येईल उत्तर."

"इन्शाल्ला."

उत्तर पाच एप्रिलला आलं. शौकत सुट्टीवरून परतला, आणि उपेंद्र गोदामातून थेट आमच्याकडे, खांद्यावर कामाची पिशवी तशीच. इरा अभ्यास सोडून आली. आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो.

"उप्या," दादांचा आवाज आला. "कॅसेट पोचली. पोरगा भला आहे, चहा न घेता निघाला होता, बसवला त्याला. आता ऐक. पहिल्या चार शाळा ठीक. दुसरीचा बेस ड्रम फाटलाय, दुरुस्त करा म्हणावं. पाचवीला तू गप्प झालास आणि बाई बोलायला लागल्या. मी म्हटलं, हे काय आता. पण ऐकत बसलो पलंगावर. निळं कापड, ओढणी अडकली, सुटली. सगळं दिसलं मला. मग रोल आला."

इथे टेपवर ते खाकरले.

"रोल आला आणि मी उठलो. सव्वीस वर्षांची सवय, पाय आपोआप जुळले. तुझी वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, काय झालं, कुठे निघालात? म्हटलं, गप, राष्ट्रगीत आहे. आणि तेवढ्यात तुमच्याकडे खुर्च्या वाजल्या, उप्या. ही एवढी माणसं उठली. मला वाटायचं, मी इथं एकटाच ऐकतो. त्या दिवशी मी सगळ्यांबरोबर उठलो."

उपेंद्र टेबलावरच्या ऑइलक्लॉथची कड बोटाने सरळ करत होते.

"आणि मग कोळीनाच," दादा म्हणाले, आणि टेपवर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "फसवलं रे तुमच्या मास्तरने. सांग त्याला, रोल चांगला होता. चढला चांगला, उतरला त्याहून चांगला. आणि त्या पोरीला सांग, उजवा हात आता जड नाही. पुढच्या वर्षी ध्यानात ठेव. गप्प असेल तेव्हा बाईंनी बोलायचं. वाजत असेल तेव्हा तू गप्प बसायचं. तेवढं तुला बरं जमतं."

टेप संपली. इराने विचारलं, "ही हर्ड मी? इन ऑल दॅट?"

"ऐकलंच," उपेंद्र म्हणाले. "माझा दादा आहे तो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काकू, पुढच्या वर्षी दोन टॉवेल आणू. तुमच्या खुर्चीकडून वारा येतो."

चहा त्यांनी दोनदा घेतला. जाताना पुढच्या वर्षीचा पास आत्ताच सांगून ठेवला.

त्या रात्री मी तारीख घातली आणि दिवस लिहून काढला. शेवटी लिहिलं: गॅसचं सिलिंडर दुपारी संपलं, नवं सात वाजता आलं.